तारेने बांधलेला सायलेन्सर

माझ्या नवऱ्याचं नाव श्याम. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते, चारचौघांत 'हे' म्हणते आणि राग आला की मनातल्या मनात अरे-तुरे करते. यंदाच्या दसऱ्याचा राग अजून पुरता गेलेला नाही, तेव्हा इथे 'तो'च येईल. ज्यांना खटकेल त्यांनी मनात आदरार्थी वाचून घ्यावं.

वीज मंडळातून रिटायर झालेला, रोज सकाळी भिजवलेले बदाम सोलून खाणारा, छत्री घेतल्याशिवाय सप्टेंबरात घराबाहेर न पडणारा माणूस. त्याने आपल्या जुन्या मारुती एट हंड्रेडमध्ये मोठं इंजिन बसवून घेतलं. आठशे सीसीचं काढून तेराशेचं. इंजिन मोठं म्हणून धूर जास्त, धूर जास्त म्हणून जाड पाइपचा नवा सायलेन्सर. त्या सायलेन्सरचा आवाज असा की गाडी सुरू केली तशी आमच्या पार्किंगमधली कबुतरं उडाली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मला म्हणाल्या, "विमान घेतलंत म्हणे. आम्हाला पेढे नाही दिलेत ते?"

हे सगळं कशासाठी, तर दादांसाठी. दादा म्हणजे दत्तप्रसाद, श्यामचे थोरले भाऊ. त्यांनी खेड शिवापूरला घर बांधलंय आणि दसऱ्याला सोनं द्यायला आम्ही तिकडे जातो. गेल्या वर्षी कात्रजच्या जुन्या घाटात आमची गाडी तापली. बॉनेट उघडून आम्ही रस्त्याच्या कडेला उभे, आणि दादा त्यांच्या मोठ्या पांढऱ्या गाडीतून आम्हाला न्यायला आले. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "श्यामची गाडी अगदी श्यामसारखी आहे. चढ दिसला की बसते." सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू. श्यामसुद्धा हसला, पण श्रीखंडाच्या वाटीला त्याने बोट लावलं नाही.

मी म्हटलं होतं, नवी गाडी घ्या. तर म्हणाला, "ही मी माझ्या पगारातून घेतलेली पहिली गाडी आहे. चढत नाही म्हणून टाकून द्यायची?" मग पावसाळाभर तो धायरीला हिंमतरावांच्या गॅरेजमध्ये पडलेला असायचा. आरटीओची परवानगी रीतसर काढली, कागदपत्रं सगळी जागच्या जागी. हा माणूस बेकायदा काही करणाऱ्यातला नाही. त्याच्या चुका सगळ्या कायदेशीर असतात.

अष्टमीला संध्याकाळी तो गाडी घरी घेऊन आला. चेहरा नुसता फुललेला. मला खाली बोलावून त्याने दोन वेळा इंजिन गुरगुरवून दाखवलं. मी कानांवर हात ठेवले आणि छान आहे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला सकाळी, तो अंघोळीला गेला असताना त्याचा फोन वाजला. हिंमतराव होते.

"वैनी, सायेब हायत का?"

"अंघोळीला गेलेत. काही निरोप?"

"निरोप असा की, गाडी न्हेली ती न्हेली, पर लांब काढू नगा म्हनावं. सायलेन्सरचा पाइप अजून तारंनं बांधलेला हाय. त्याची पट्टी वेल्डिंग करायची ऱ्हायली काल, आन् आज समदी हत्यारं पूजेला लावली. आता दसरा झाल्याबिगर पान्याला हात लावता येत न्हाई."

मला त्यात वावगं काही वाटलं नाही. खंडेनवमीला माझी शिलाई मशीनसुद्धा झेंडूची माळ घालून बसते, त्या दिवशी मी साधं बटणही लावत नाही. मी विचारलं, "पण ती तार सुटली तर?"

"पाइप बाजूला सरकतोय. शेजारनंच ब्रेकची नळी गेलीया. तिला पाइप टेकला की नळी तापती, आतलं तेल उकळतंय, मग पेडल कितीबी दाबा, गाडी थांबत न्हाई. दारापुढं पूजा करा, गल्लीत एक चक्कर मारा, बास. म्या सायबांस्नी दोनदा सांगितलंय."

मी फोन ठेवला. बाथरूममधून श्यामचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

तो बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हिंमतरावांचा फोन होता."

"काय म्हणाले?" फार पटकन विचारलं त्याने.

"दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या." हे मी का म्हटलं, मला अजून नीट सांगता येत नाही. बहुधा त्याला खरं बोलायची संधी द्यायची होती. "गाडीचं काम सगळं झालं ना पण?"

"झालं की. एकदम फर्स्ट क्लास." तो आरशात बघून भांग पाडत होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

इतक्या वर्षांच्या संसारात तो माझ्याशी खोटं बोलला नाही असं मी म्हणणार नाही. बटाटेवडा खाऊन आला की बोलतो. पण हे वेगळं होतं, आणि मला राग आला. पाठोपाठ भीती आली. मी तिथेच सांगून टाकायला हवं होतं की मला सगळं माहीत आहे, उद्या रिक्षाने जाऊ. पण मी त्याला ओळखते. डॉक्टरांनी पर्वती चढू नका म्हटल्यावर हा दुसऱ्या दिवशी पर्वती चढून आला होता. मी विरोध केला असता तर तो म्हणाला असता, तू नको येऊस, आणि एकटा गेला असता. मी शेजारी बसले तर निदान गाडी जोरात हाकणार नाही, असा हिशोब मी केला. एकटा त्या घाटात, ही कल्पनाच मला सहन होईना. रात्री मला झोप लागली नाही. तो मात्र घोरत होता.

दसऱ्याला सकाळी पार्किंगमध्ये गाडीची पूजा झाली. मी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. कधी नव्हे ते मी चाकासमोर हात जोडून बराच वेळ उभी राहिले. श्याम म्हणाला, "आज भक्ती फार उतू चालली आहे."

"कुणाला तरी काळजी नको का?" मी म्हटलं.

निघताना मी पुन्हा विचारलं, "लांब न्यायला हरकत नाही ना?"

"शिवापूर म्हणजे काय लांब आहे का?" तो म्हणाला आणि बेल्ट लावला. दुसरी संधीही गेली.

जाताना काही झालं नाही. मी कान सायलेन्सरकडे लावून बसले होते. जरा खडखडलं की दाराची कडी घट्ट धरायचे. कात्रजचा घाट सुरू झाला आणि गाडी सरसर चढायला लागली. गेल्या वर्षी जिथे आम्ही बॉनेट उघडून उभे होतो ते वळण आलं आणि मागे पडलं. श्यामने एकदा माझ्याकडे पाहिलं. लग्न ठरलं तेव्हा त्याचा चेहरा असाच दिसत होता. मला त्याचा आनंद बघवत नव्हता आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

शिवापूरला दादांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. जेवणं झाल्यावर ते स्वतःहून म्हणाले, "चल श्याम, एक चक्कर मारून आण मला." दोघे गेले. हायवेपर्यंत जाऊन परत आले. मी फाटकापाशी उभी होते, हातातल्या पदराच्या टोकाला गाठी मारत.

दादा उतरले आणि म्हणाले, "गाडी पळते रे! मानलं तुला."

दादांनी कुणाला मानल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. श्यामचे कान लाल झाले. वहिनी आतून चहा घेऊन आल्या, दादा त्यांना चढाची, वेगाची वर्णनं सांगायला लागले. श्याम मात्र चहा प्यायला आला नाही. तो परत गाडीत जाऊन बसला होता, खाली पायांकडे बघत. मग आमच्यात आला आणि मला म्हणाला, "तू केदारबरोबर जा. तो निघालाच आहे पुण्याला."

केदार म्हणजे दादांचा मुलगा. त्याची वेगळी गाडी होती.

"का?"

"त्याच्या गाडीत एसी आहे. तुला उकडतं."

"इतकी वर्षं नाही उकडलं ते?"

"जा ना. ऐक की जरा."

सगळ्यांसमोर असं म्हणाला. मला वाटलं, आता कौतुक झालंय, आता याला एकट्याने गाडी उडवायची आहे आणि बायकोची कटकट शेजारी नको आहे. माझं डोकं सणकलं. मी जाऊन गाडीत बसले आणि बेल्ट लावला. खिडकीतून म्हटलं, "निघायचं का?" त्याने एकदा केदारच्या गाडीकडे पाहिलं. मग आला.

त्याचा विचार नव्या बोगद्याने जायचा होता, असं त्याने फाट्यावर गाडी जी सरळ ठेवली त्यावरून वाटलं. पण केदार पुढे थांबलेला होता. हात बाहेर काढून ओरडला, "काका, जुन्या घाटाने या! चढावर व्हिडिओ काढतो!" श्यामने हॉर्न वाजवला आणि गाडी जुन्या घाटाकडे वळवली.

चढावर केदार फोन घेऊन उभा होता. इंजिनाने असा काही आवाज केला की माझ्या पायाखालची पत्र्याची जमीन थरथरली. केदारने अंगठा दाखवला, गाडीत बसला आणि आम्हाला मागे टाकून निघून गेला. जुना बोगदा आला. आतल्या अंधारात मागून खणखण असा आवाज आला, पत्र्यावर पातेलं घासल्यासारखा. मी श्यामकडे पाहिलं. तो समोर बघत होता.

बोगद्याबाहेर उतार सुरू झाला. खाली कात्रज, त्याच्यापलीकडे सगळं शहर उन्हात पसरलेलं. पहिलं वळण त्याने जरा लांबून घेतलं. दुसऱ्या वळणाआधी मला त्याचा गुडघा वर-खाली होताना दिसला. तो पेडल दाबत होता, सोडत होता, परत दाबत होता. गाडीचा वेग कमी होत नव्हता. रंग जळल्याचा वास यायला लागला.

"काय झालं?"

"काही नाही."

"काय झालं, विचारते मी!"

"काही नाही म्हटलं ना!" त्याचा आवाज फाटला.

"तार सुटली ना?"

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी किंचाळले, "अरे, समोर बघ!"

समोर एक मोटरसायकल होती. हँडलला झेंडूचा हार, नवरा-बायको आणि मध्ये टोपी घातलेलं मूल. ते रमतगमत चालले होते. श्यामने हॉर्नवर हात दाबून धरला, तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकला. इंजिन एवढ्या जोराने ओरडलं की मी डोळे मिटले. मला जगायचं होतं. त्या क्षणी दुसरं काही मनात आलं नाही, देवसुद्धा नाही. डोळे उघडले तेव्हा मोटरसायकल मागे गेली होती आणि तो हँडब्रेक थोडा थोडा ओढत होता, दात आवळून. मागचं चाक सरकलं. पुढच्या वळणाच्या अलीकडे, डोंगराच्या बाजूला, रस्त्याच्या कामासाठी मुरमाचा ढीग टाकलेला होता. "त्यात घाला!" मी म्हटलं की त्याने आपणहून घातली, आठवत नाही. गाडी ढिगात घुसली, उडाली, आपटली आणि थांबली. इंजिन बंद पडलं.

एकदम शांत झालं. काचेवर लाल धूळ होती. माझ्या मांडीवर हारातली फुलं पडली होती, ती कुठून आत आली कोण जाणे. मी हातपाय हलवून पाहिले. श्यामने स्टिअरिंग सोडलं नव्हतं. त्याच्या कपाळाला टेंगूळ येत होतं.

मोटरसायकलवाला थांबला. "लागलं नाही ना?" असं विचारून, पाणी देऊन तो गेला. मूल आमच्याकडे वळून वळून बघत होतं. आम्ही गाडीतून उतरून कठड्यावर बसलो. गाडीखालून टकटक आवाज येत होता आणि चाकातून धूर.

श्याम म्हणाला, "तुला तारेचं माहीत होतं?"

"नवमीपासून. हिंमतरावांनी मलाच सांगितलं."

"मग बसलीस कशाला गाडीत?"

"तुम्ही एकटे गेला असतात म्हणून."

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. मी म्हटलं, "दोनदा विचारलं मी तुम्हाला. दोनदा. एकदा तरी खरं बोलायचंत."

"दादाला चक्कर मारून आणलं ना," तो म्हणाला, "तेव्हा फाटकात शिरताना पेडल मऊ लागलं. नंतर मी बसून परत दाबून पाहिलं. खाली जात होतं."

मला आधी कळेचना तो काय सांगतोय. मग कळलं.

"शिवापूरलाच माहीत होतं तुम्हाला?"

"म्हणून तर तुला केदारबरोबर जा म्हटलं."

"आणि तुम्ही?"

"मी हळू हळू आणली असती. दादा नुकताच मानलं म्हणाला होता. त्याच्यासमोर कसं सांगू, की गाडी इथेच ठेवतो?"

मी त्याच्या दंडावर चापट मारली. जोरात मारली. मग परत मारली. रस्त्याने जाणारा एक टेम्पोवाला बघायला लागला, बघू दे म्हटलं. मला त्याचा एवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता, आणि त्याचा हात सोडवतही नव्हता. मला वाचवायला तो खोटं बोलला, त्याला एकटं सोडायचं नाही म्हणून मी खोटं बोलले, आणि आम्हा दोघांचा सगळा शहाणपणा मिळून ढिगात जाऊन पडला होता. तिथे तो ढीग नसता तर? मी तो विचार पुढे नेला नाही.

मी पर्समधून फोन काढला. तो चटकन म्हणाला, "केदारला लाव. फार पुढे गेला नसेल. दादाला नको कळायला."

"केदारला नाही."

"सुनीती, प्लीज."

"ज्यांच्यासाठी केलंत त्यांना सांगा. मी नाही सांगणार, तुम्ही सांगायचं. सगळं सांगायचं." मी दादांचा नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.

रिंग वाजत होती तेवढ्यात त्याने माझ्याकडे एकदा असं पाहिलं की माझा जीव कळवळला. पण मी हात पुढे केला नाही.

"दादा, मी श्याम," तो म्हणाला. "घाटात आहे. गाडीचे ब्रेक गेले... नाही, ऐक ना. तुझ्याकडून निघतानाच मला कळलं होतं. पेडल मऊ झालेलं. सायलेन्सर नुसता तारेने बांधलेला होता, तेही माहीत होतं. पण तू गाडी चांगली म्हणालास. मग मला बोलवेना, दादा."

पलीकडे काहीच आवाज नव्हता. मी वाट बघत होते दादांच्या नेहमीच्या टोमण्याची. श्यामही बघत असावा, कारण त्याने खांदे वर ओढून घेतले होते.

फोनमधून दादांचा आवाज आला, इतका मोठा की मला शेजारी बसून ऐकू आला. "सुनीती कुठाय?"

श्यामने तोंड उघडलं. शब्द फुटला नाही.

"श्याम, सुनीती कुठाय? अरे बोल की! श्याम!"

मी त्याच्या हातातून फोन घेतला.

"मी इथेच आहे, दादा," मी म्हटलं. "आम्ही दोघंही आहोत." एवढं बोलले आणि मग मला रडू आवरेना.